मातीच होती, सर

“ही माती असेल का, जिनगर?”

रेगेसरांनी पेन्सिल उलटी धरून चित्रातली एक जागा दाखवली. टेबलापलीकडे आमचे चित्रकार जिनगरमास्तर हात मागे बांधून उभे होते. त्यांनी चित्राकडे पाहिलंसुद्धा नाही.

“न्हाई सर. दात हाय त्यो.”

“पण आता सूक्ष्मदर्शकाखाली तिथे काहीच नाहीये. या, तुम्हीच बघा.”

“बघितलंय मी. आत्ता न्हाई तितं. सोमवारी हुतं.”

“सोमवारी दाढेवर माती होती, मास्तर.”

“हुती की. ती आतल्या अंगाला हुती, ती मी ठिपक्यांनी दाखवलीया. हे टोक निराळं. त्येच्यावर चमक हुती. मातीला चमक नसती, सर. आमचं घरच मातीचं. पाच पिढ्या गनपती करतोय आमी. माती कुठली अन् दुसरं काय, हे मला पाळण्यात असल्यापासनं कळतंय.”

सर हसले. जिनगरांवर त्यांचा जीव होता. मग ते माझ्याकडे वळले.

“उज्ज्वला, दाढ तू साफ केलीस. काय होतं त्या कोपऱ्यात?”

मी खिडकीशी चाळण्या पुसत होते. हातातली चाळणी कोरडी झाली होती, तरी मी ती पुसतच राहिले.

“मातीच होती, सर,” मी म्हणाले.

बस, एवढंच. तीन शब्द, त्यातला एक तर ‘सर’. माझं खोटं एवढंसं आहे, आणि आज चोवीस वर्षांनीही मला ते कुणासमोर मोठ्यानं म्हणून दाखवता येत नाही.

हे १९८७च्या डिसेंबरातलं. आमची संस्था पुण्यात होती आणि आमचं काम होतं माती धुणं. गुजरातेतल्या एका लिग्नाइटच्या खाणीतून पोती भरून चिकणमाती यायची. ती वाळवायची, रॉकेलमध्ये भिजवायची, मग पाण्यात विरघळवून बारीक चाळणीतून गाळायची. चाळणीत जो गाळ उरेल तो सुकवून चिमूट चिमूट सूक्ष्मदर्शकाखाली घ्यायचा आणि ओल्या कुंचल्यानं त्यातलं हाडकं-दात वेचायचे. तीनशे किलो मातीतून मला वटवाघळाचे अकरा दात मिळाले होते आणि दंडाच्या हाडाचा कोपराकडचा एक तुकडा. पाच कोटी वर्षांपूर्वीची वटवाघळं. त्यांची हाडं उडायला हलकी म्हणून बारीक आणि नाजूक, त्यामुळे ती टिकत नाहीत. टिकतात दात. मोहरीच्या दाण्याएवढे.

सर म्हणायचे, “वटवाघळाला त्याचं कूळ विचारायचं असेल तर पंख बघू नका. पंख सगळ्यांचे सारखे. तोंड उघडून खालची दाढ बघा.” आणि मग फळ्यावर दाढ काढायचे. पुढच्या अर्ध्या भागात तीन टोकं, त्रिकोणात. मागचा अर्धा भाग बशीसारखा खोलगट, त्याच्या बाहेरच्या काठावर एक टोक, आतल्या काठावर एक. आणि अगदी मागे, आतल्या कोपऱ्यात, एक चिमुकलं टोक. बाहेरच्या टोकापासून एक कड निघते आणि मागच्या काठानं आत जाते. ती कड त्या चिमुकल्या टोकाला जाऊन मिळते की त्याला ओलांडून आतल्या मोठ्या टोकाकडे जाते, यावर कुळंच्या कुळं ठरतात. माणसांत निदान आडनावं तरी असतात. इथे केसभर रुंदीच्या एका कडेवर सगळं.

आणि आमच्या अकराव्या दाढेत ते चिमुकलं टोक नव्हतंच. तेवढ्या जुन्या काळातलं, मागच्या टोकाचं नावनिशाण नसलेलं वटवाघूळ आमच्या वाचनात कुठेच नव्हतं. म्हणजे नवी प्रजाती तर खरीच, पण त्याच्याही वरची पायरी, नवा वंश. सरांची नोकरी एकतीस वर्षांची झाली होती आणि येत्या मार्चला ते निवृत्त होणार होते. दुसऱ्यांनी नावं दिलेल्या प्राण्यांची वर्णनं करण्यात त्यांची हयात गेली होती. स्वतः नाव ठेवावं असं काही त्यांच्या ओंजळीत कधी पडलं नव्हतं. माझं म्हणाल तर जूनमध्ये माझी शिष्यवृत्ती संपणार होती, आणि अकरा जुनेच दात घेऊन प्रबंध उभा राहत नाही.

टोक होतं. मी पाहिलं होतं. मंगळवारी दुपारी लाकडी दांडीत बसवलेल्या सुईनं मी त्या कोपऱ्यातली माती सोडवत होते. माती सुटली आणि तिच्या मागोमाग टोकही गेलं. आवाज नाही, धक्का नाही. एका क्षणी होतं, दुसऱ्या क्षणी नव्हतं. मी कुंचला ओला करून टेबल पुसलं, साडीच्या निऱ्या झटकल्या, गुडघ्यांवर बसून फरशी चाचपली. दोन तास. खसखशीच्या चौथाईएवढी वस्तू ठिपक्याठिपक्यांच्या मोझेक फरशीवर शोधून बघा एकदा, म्हणजे कळेल.

मग मी घाबरत पुन्हा दाढ पाहिली. ताजी मोड पांढरी दिसते, नवशिक्यालाही कळते. पण जिथून टोक गेलं होतं तिथे पांढरं काही नव्हतं. ती जागा बाकीच्या दाढेसारखीच तपकिरी होती, गुळगुळीत. असं कसं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. सहा वर्षं मी दुसरं काही शिकलेच नव्हते. पण तेव्हा मला वाटलं, नशीब!

सकाळी सरांना सांगायचं असं ठरवूनच मी घरी गेले. सकाळी आले तर सर माझ्या आधी हजर. सूक्ष्मदर्शकावर वाकलेले, आणि दोन्ही हातांनी टेबलाची कड घट्ट धरलेली.

“उज्ज्वला, मागचं टोक नाहीये गं!”

“सर, मला जरा—”

“नाहीच आहे! कड सरळ आत गेली आहे. मी तीनदा पाहिलं.” त्यांनी मान वर केली. चष्मा कपाळावर, डोळ्यांत पाणी. “हं, तू काय म्हणत होतीस?”

पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आले की सरांनी मला बोलूच दिलं नाही. साफ खोटं आहे. ते थांबले होते. त्यांनी विचारलं होतं. आणि मी म्हणाले होते, “काही नाही सर, कॅमेऱ्यातला रोल संपलाय.”

मी मूग गिळून बसले खरी, पण जिनगरमास्तरांचं चित्र मात्र माझ्या ध्यानातच नव्हतं. सरांचा एक नियम होता. दात मातीतून निघाला की साफ करायच्या आधी त्याचं एक चित्र, आणि साफ केल्यावर दुसरं. साफसफाईत काय गेलं, काय राहिलं ते कळावं म्हणून. म्हणजे माझ्यासारखीसाठीच होता तो नियम! सूक्ष्मदर्शकाला आरशाची एक नळी जोडलेली असे, तिच्यातून दात आणि कागद एकाच वेळी दिसायचे. तीत पाहत मास्तर कडक शिशाच्या पेन्सिलीनं बाह्यरेषा काढायचे आणि मग ठिपक्यांनी छाया भरायचे. चित्र पुरं झालं की खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘द. य. जिनगर’. पहिलं चित्र त्यांनी सोमवारी काढलं होतं. बुधवारी दुसरं काढायला बसले आणि दोन्ही कागद घेऊन थेट सरांकडे आले.

तर, “मातीच होती, सर,” असं मी म्हणाले.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. संशयानं नाही. तसं पाहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं. एखाद्या जाणत्या माणसाला खात्रीचं विचारावं तसं त्यांनी विचारलं, “बाई, नक्की?”

“हो, मास्तर. सुईनं सहज सुटली.”

ते सूक्ष्मदर्शकापाशी गेले. बराच वेळ बघत राहिले. उजव्या डोळ्यानं, मग डाव्या. मग आपला कागद ओढून घेतला आणि खोडरबर उचललं.

“अहो, राहू द्या,” सर म्हणाले. “बाजूला ‘माती’ असं लिहा, झालं. कुणाच्या हातून होत नाही?”

“न्हाई सर. न्हाई ते हाय म्हनून काढलं, अन् त्येच्याखाली माझं नाव? ते न्हाई ठेवायचं.”

त्यांनी ते टोक खोडलं. हळूहळू, कागदाची लव उठू न देता. मग खोडल्याचा चुरा तळहातावर घेतला, फुंकरसुद्धा मारली नाही, आणि केराच्या टोपलीत नेऊन टाकला.

गोष्ट इथं संपली असती तरी पुरे होतं. संपली नाही. दुसऱ्या आठवड्यात मास्तर एक चित्र घेऊन माझ्या टेबलाशी आले.

“बाई, जरा बघता? ही चीर हाय, का मला वाटतंय आपलं?”

“आहे, मास्तर. तुम्ही काढलंय तश्शीच आहे.”

“बरं.” ते गेले. तासाभरानं परत. “अन् हे टोक? का माती?”

एका दाताचं चित्र दिवसात व्हायचं, त्याला आता चार दिवस लागायला लागले. प्रत्येक रेघ ते मला दाखवायला आणत. बावन्न वर्षांचा माणूस, ज्याच्या चित्राकडे बोट दाखवून सर आम्हाला सांगायचे की फोटो चुकेल, जिनगर चुकणार नाही, तो माझ्यासारख्या पोरीसमोर कागद धरून उभा राहायचा. मला ते बघवेना. म्हणून एके दिवशी मी काय केलं? खरं सांगितलं? छे! मी म्हणाले, “मास्तर, एकदा डोळे तपासून घ्या ना. चष्म्याचा नंबर बदलला असेल.”

ते तपासून आले.

“डाक्टर म्हनतोय डोळं चांगलं हाईत. नंबर हाय त्योच.” मग जरा थांबून, स्वतःशीच बोलल्यासारखं, “म्हंजे डोळ्यांत न्हाई. आतच कुठंतरी बिघडलंय.”

मार्चमध्ये सर निवृत्त झाले. त्याच महिन्यात मास्तरांनीही राजीनामा दिला. सरांनी परोपरीनं समजावलं, पण ते मिरजेला भावाच्या कारखान्यात जातो म्हणाले. सरांना फार लागलं ते. त्यांनी आमच्या वटवाघळाचं नाव ठेवलं ‘वाघुलोनिक्टेरिस जिनगरी’. पहिला शब्द वंशाचा, दुसरा प्रजातीचा. “निदान नाव तरी राहील बिचाऱ्याचं,” ते म्हणाले. लेखाची टंकलिखित प्रत मी केली. मास्तरांच्या दुसऱ्या चित्रासकट लेख छापून आला, मला पदवी मिळाली, पुढे त्याच संस्थेत नोकरीही. दहा-अकरा वर्षांनी सर गेले. त्यांच्या शोकसभेत मी वाघुलोनिक्टेरिसवर बोलले. लोकांनी डोळे पुसले.

गेल्या वर्षी जूनमध्ये लखनौच्या एका तरुण संशोधिकेचं पत्र आलं. त्याच खाणीत तिला जबड्याचा तुकडा मिळाला होता, त्यात ओळीनं दोन दाढा. सोबत मोठे करून काढलेले फोटो होते. बाकी सगळं हुबेहूब आमच्यासारखं, फक्त मागच्या कोपऱ्यात चिमुकलं टोक होतं, आणि कड सरळ त्याला जाऊन मिळत होती. जगात सगळ्या जुन्या वटवाघळांची मिळते तशीच. तिनं फार अदबीनं लिहिलं होतं. तुमच्या मूळ नमुन्यातलं टोक मोडलेलं असण्याची शक्यता वाटते का, एकदा पाहाल का?

म्हणजे आमचा वंश गेला. आमची दाढ आता जुन्याच एका वंशात जाणार. प्रजाती मात्र राहणार, कारण दाढेची मापं आणि बाकीची टोकं निराळी होती. आमच्या शास्त्रात एक रीत आहे. प्रजाती एका वंशातून दुसऱ्या वंशात नेली की तिला नाव देणाऱ्यांची नावं कंसात टाकतात. तेव्हा रेगे आणि टिपणीस, म्हणजे सर आणि मी, कंसात जाणार, आणि जिनगर बाहेर राहणार. ते वाचून मला हसू आलं, आणि मग बराच वेळ मी दार लावून बसले.

मी जुनी फाईल काढली. पहिलं चित्र तिच्यात होतं, कारण मास्तरांनी ते खोडून दुरुस्त केलं होतं, फाडलं नव्हतं. खिडकीतल्या उन्हाशी कागद आडवा धरला तेव्हा दिसलं. कडक पेन्सिलीनं कागदात चर पडलेली असते, खोडरबर शिसं नेतं, चर नेत नाही. मागच्या कोपऱ्यात टोक जसंच्या तसं होतं. लखनौच्या फोटोशेजारी ठेवलं तर फरक सांगता येऊ नये इतकं बरोबर.

तो कागद घेऊन मी मिरजेला गेले.

कारखाना म्हणजे घराच्या मागची लांब पडवी. जुलै महिना होता, फळ्यांवर ओळीनं बिनरंगाचे गणपती. एक चाळिशीची बाई पाटावर बसून रंगवलेल्या मूर्तींचे डोळे आखत होती, आणि कोपऱ्यात गोणपाटावर बसून एक म्हातारे गृहस्थ शाडूची माती मळत होते. कोपरापर्यंत पांढरे झालेले हात. मी ओळखायच्या आधी त्यांनीच मला ओळखलं.

“टिपनीसबाई! आवं, या या! सूनबाई, अगं चहा टाक. आमच्या हापिसातल्या बाई हाईत. डाक्टर झाल्यात्या.”

माझा सगळा धीर त्या ‘या या’नंच गेला. भिंतीवर, देवाच्या तसबिरीखाली, काच लावून एक पान टांगलेलं होतं. आमच्या लेखाचं. ‘वाघुलोनिक्टेरिस जिनगरी’ आणि खाली दाढेचं चित्र, टोक नसलेलं.

“येनाऱ्या-जानाऱ्याला दावतो,” ते म्हणाले. “सरांची किरपा. चुकलेल्या मानसाचं नाव कोन ठेवतं?”

सूनबाई चहा देऊन पुन्हा पाटावर डोळे आखायला बसली. मास्तर तिला सांगत होते, “मी म्हनतो त्या बाई ह्याच बरं का. माझं डोळं फसवाय लागलं तवा ह्यांनी सावध केलं. न्हाईतर मी आपला काढत बसलो असतो न्हाई ती चित्रं, अन् सरांची फजिती झाली असती.” मग माझ्याकडे वळून, “आमच्याकडं डोळ्यांची आखनी माझ्याकडंच असायची, बाई. पुन्यात नोकरीला हुतो तरी श्रावनात रजा काढून यायचो तेवढ्यासाठी. त्येच्यानंतर म्या कुंचला न्हाई धरला. देवाचं डोळं चुकवायचं का? भाऊ लई मागं लागला. मी म्हनलं, मला माती दे. मातीत चूक हुत न्हाई.”

चोवीस वर्षं. मी फक्त नोकरीचा हिशेब धरला होता. गणपतीचे डोळे माझ्या गावीही नव्हते. कपबशी मी खाली ठेवली.

“मास्तर, ती माती नव्हती.”

“कुठली?”

“त्या दाढेवरची. ते टोकच होतं. तुम्ही बरोबर काढलं होतं. मंगळवारी साफ करताना माझ्या सुईनं ते मोडलं. मला माहीत होतं. सरांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले.”

सूनबाईचा हात थांबला. मास्तर माझ्याकडे बघत राहिले. त्यांना ऐकू आलं नाही की काय असं वाटून मी पुन्हा म्हणाले, “तुमचे डोळे कधीच चुकले नव्हते.”

“मी तुमास्नी रोज इचारत हुतो,” ते हळू म्हणाले. “कागद घिऊन येत हुतो.”

“हो.”

“अन् तुमी मला डोळं तपासाया धाडलं.”

“हो, मास्तर.”

त्यांनी मला शिवी दिली असती तर मी ती घेतली असती. त्यांनी शेजारच्या बादलीत हात बुडवले, पंचाला पुसले, एकेक बोट करून.

“चित्र हाय?”

मी पिशवीतून कागद काढून दिला आणि लखनौच्या पत्राचंही सांगितलं. त्यांनी तो उंबऱ्यापाशी नेला, उजेडाशी तिरका केला आणि डोळ्यांपासून हातभर लांब धरला. चष्मा लावला नव्हता. टोकाची चर त्यांना दिसली हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

“हं,” ते म्हणाले. “हितं या. काय दिसतंय?”

“टोक.”

“त्येच्या बुडाला?”

मी वाकून पाहिलं. पिशवीतून भिंग काढून पाहिलं. “काही नाही.”

“कागद आनखी वाकडा करा. तसा न्हाई. असा.”

आणि मग मला दिसली. टोकाच्या बुंध्याशी, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, केसाहून बारीक एक रेघ. चोवीस वर्षं तो कागद माझ्या ताब्यात होता आणि महिनाभर तर मी तो रोज भिंगाखाली घेत होते.

“चीर हुती, बाई. जुनी. मी काढली हुती ती. टोक मोडलेलंच हुतं कवाचं, मातीनं नुसतं धरून ठेवलेलं. माती काढली की ते जानारच. तुमच्या हातनं गेलं, सरांनी साफ केलं असतं तर सरांच्या हातनं गेलं असतं.”

म्हणून ती जागा पांढरी नव्हती. म्हणून तपकिरी होती, गुळगुळीत. पाच कोटी वर्षांपूर्वी मोडलेलं टोक, आणि मी ते माझं पाप समजून लपवलं. सरांना त्याच सकाळी सांगितलं असतं तर त्यांनी चित्र मागवलं असतं, चीर पाहिली असती, नवा वंश गेला असता, सरांनी एक उसासा टाकून चहा मागवला असता आणि जिनगरांची पाठ थोपटली असती. दोष कुणाचाच नव्हता. मी बोलले तेव्हा तो झाला, आणि माझा झाला.

“नुसतं सांगायचं हुतं, बाई,” ते म्हणाले. “एवढंच हुतं.”

मी मान खाली घालून रडत होते, आणि एक्कावन्नाव्या वर्षी दुसऱ्याच्या दारात उभं राहून रडण्याची लाजही वाटत होती.

“त्या लोकांस्नी कळवलंत?”

“लखनौला? अजून नाही. आधी तुम्हाला—”

“कळवा. अन् चीर हुती ते बी लिवा. तुमच्यासाठी न्हाई. चित्रात हाय म्हनून.”

त्यांनी कागद माझ्या हातात दिला नाही. लेखाच्या पानाची तसबीर खाली उतरवली, मागची पट्टी सोडली, आतलं छापील पान काढून मला दिलं आणि त्या जागी तो खोडलेला कागद बसवायला लागले. काच पुन्हा नीट बसत नव्हती. सूनबाई पुढे झाली, तिनं काच बसवून तसबीर खिळ्याला अडकवली. मग पाटावरचा बारीक कुंचला उचलून तिनं दांडीकडून त्यांच्यापुढे धरला. समोर एक हातभर उंचीची मूर्ती होती, रंग झालेली, डोळे तेवढे राहिलेले.

मास्तर मूर्तीकडे बघत राहिले. मग त्यांनी उजवा हात पुढे केला आणि कुंचल्याजवळ नेऊन तसाच धरला. हात थरथरत होता. मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत, थांबता थांबत नव्हता.

“डोळं हाईत गं माझं,” ते सुनेला म्हणाले. “आता हात न्हाई राहिला.”

तिनं कुंचला परत घेतला, पाटावर बसून त्या मूर्तीचे डोळे आखायला सुरुवात केली, आणि ते तिच्या शेजारी बसून बघत राहिले. “डावा जरा बारीक झाला,” थोड्या वेळानं ते म्हणाले, आणि तिनं मान डोलावून तो नीट केला. मी कधी वळले, कधी बाहेर पडले, ते त्यांनी पाहिलं नाही.